सभेचे दार आणि पेठेचे दार

कोल्हापुराहून पश्चिमेस सुमारे ५५ किलोमीटर गेले म्हणजे गगनबावडा लागतो. नावाच्या साम्यामुळे नवखा माणूस त्याची आणि कोल्हापूर शहरास लागून असलेल्या कसबा बावड्याची गल्लत करतो. परंतु एक पंचगंगेच्या काठचे सपाटीवरील गाव, तर दुसरे सह्याद्रीच्या अगदी माथ्यावरचे, वर्षातून चार महिने पावसात आणि धुक्यात बुडालेले. येथून कोकणात उतरावयास दोन वाटा आहेत, एक करूळची व दुसरी भुईबावड्याची. खारेपाटणच्या खाडीत उतरलेले मीठ, नारळ, सुकी मासळी ह्याच बाजूने देशावर चढे आणि देशावरचा गूळ व धान्य खाली जाई. बैलांच्या पाठीवरील गोणी आणि बायकांच्या डोक्यावरील पाट्या ह्या दोहोंनीही हा चढ पाहिलेला आहे.

गगनबावडा हे पंत अमात्यांच्या जहागिरीचे ठाणे. ह्या घराण्यातील ख्यातनाम पुरुष रामचंद्रपंत अमात्य. कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकीर्दीत, १७१५ च्या सुमारास, राज्यनीतीवरील जे 'आज्ञापत्र' सिद्ध झाले त्याचे कर्तृत्व त्यांच्याकडे दिले जाते. त्या ग्रंथात सावकार व व्यापारी ह्यांचा विचार स्वतंत्रपणे केलेला आहे. बाहेरचे व्यापारी आणून पेठा वसवाव्या, त्यांचा मान राखावा, प्रसंगी राज्यास त्यांचाच आधार होतो, असा त्याचा आशय आहे. व्यापाराची एवढी कदर करणारा मुत्सद्दी त्या काळी विरळाच. तथापि ते विवेचन वाचताना ज्या सावकाराचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते तो पागोटे घातलेला, लोडाशी टेकून बसलेला पुरुषच असतो, आणि त्यात कोणास काही विशेष वाटत नाही.

विशेष वाटावयास हवे ते एवढ्यासाठी की, ह्याच रामचंद्रपंतांनी राज्य चालविणारी स्त्री प्रत्यक्ष पाहिलेली होती. १७०० साली राजाराम महाराज निवर्तल्यावर ताराबाईंनी सात वर्षे औरंगजेबाशी झुंज चालू ठेविली, ती ह्या मुत्सद्द्यांच्या डोळ्यांदेखत. राज्य चालविणारी स्त्री लोकांस ठाऊक होती. पेढी चालविणारी स्त्री मात्र त्या काळच्या लिखाणात सहसा आढळत नाही. ह्याचे कारण शोधू गेल्यास ते 'पत' ह्या एका लहानशा शब्दापाशी येऊन थांबते. राज्याधिकार अज्ञान पुत्राच्या नावाने आईच्या हाती येऊ शकतो. पत तशी येत नाही. ती चारचौघांत बसून मिळवावी लागते. कोणी तरी कोणाला तरी ओळखतो, त्याच्या शब्दावर माल सोडतो, हुंडी स्वीकारतो. ही ओळख जेथे होते ती बैठक बंद असली, तर बाजार उघडा असूनही उपयोग नाही. गगनबावड्याच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन बसावयास स्त्रीला कोणी कधी मज्जाव केला नाही. मज्जाव होता तो आडत्याच्या बैठकीवर बसण्यास.

मराठी घरांतील स्त्रियांना एकत्र जमण्याची सवय नव्हती असे नाही. हळदीकुंकू होते, मंगळागौर होती, कीर्तन-पुराण होते. पण पतीच्या पतीविषयी (हा श्लेष भाषेनेच केलेला आहे) तेथे फार तर कुजबूज होई. व्यवहार ठरत नसे.

पुढे इंग्रज आले आणि त्यांनी आपल्याबरोबर क्लब आणला. मुंबईतील भायखळा क्लब १८३३ चा, बॉम्बे जिमखाना १८७५ चा. खाणे, पिणे, खेळणे हा त्यांचा बाह्य हेतू. परंतु कंपनीचा मुख्याधिकारी, बँकेचा व्यवस्थापक आणि सरकारी सचिव संध्याकाळी एकाच व्हरांड्यात बसू लागले म्हणजे कापसाचा भाव आणि कंत्राटाचा मजकूर ह्यांनाही वाचा फुटतेच. हिंदी माणसास ह्या व्हरांड्यात जागा नव्हती, मग तो केवढाही मोठा वकील किंवा गिरणीमालक असो. लॉर्ड विलिंग्डन गव्हर्नर असता त्यांच्या हिंदी पाहुण्यास एका क्लबाच्या दारातून परत फिरावे लागले आणि त्यावरून १९१८ मध्ये सर्वांना मोकळा असा विलिंग्डन क्लब निघाला, अशी हकीकत सांगतात. हिंदी गृहस्थांनी हा नकार अपमान म्हणून मनास लावून घेतला, आणि ते योग्यच होते. त्यांनी स्वतःचे जिमखाने काढले, क्लब काढले. परंतु जो न्याय आपण मागतो तोच आपल्या घरातील स्त्रीलाही लागू पडतो, हा विचार त्यांपैकी फारच थोड्यांना सुचला.

१८८९ साली मुंबईस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा दहाच्या सुमारास स्त्रिया प्रतिनिधी म्हणून आल्या होत्या. पंडिता रमाबाई त्यांच्यात होत्या, काशीबाई कानिटकर होत्या. त्यांना बसावयास जागा मिळाली. ठरावांवर बोलण्याची मोकळीक मात्र मिळाली नाही. राष्ट्राच्या वतीने हक्क मागणारी सभा आणि तिच्याच मंडपात मुकाट बसलेल्या विदुषी, हे दृश्य त्या काळच्या सुधारकांनाही फारसे खटकले नाही.

ज्यांना दार उघडत नाही ते आपले घर बांधतात. १८८२ मध्येच पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापिला होता. शतक संपता संपता रमाबाई रानडे ह्यांनी मुंबईत 'हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब' चालविला. 'क्लब' हा शब्द नावात मुद्दाम घेतलेला दिसतो. तेथे सभेत बोलण्याचा सराव आणि शिवणकामाचे धडे एकाच छपराखाली मिळत. वरवर पाहता ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे वाटेल. वस्तुतः अगदी निकटचा आहे. जिला चारचौघींत उभे राहून आपले म्हणणे मांडता येते, तिलाच आपल्या कामाचा मोबदलाही मागता येतो. १९०९ साली पुण्यास सेवासदन उभे राहिले आणि ससून रुग्णालयात परिचारिकांच्या शिक्षणासाठी हिंदू विधवा जाऊ लागल्या, तेव्हा ही गोष्ट सिद्ध झाली. ज्या स्त्रीचे तोंड पाहणे अशुभ मानीत, तिच्या हाती महिन्याकाठी पगार येऊ लागला.

कोल्हापूर संस्थानाने ह्या बाबतीत काही पावले इतरांच्या आधी टाकली. फिलाडेल्फियास ११ मार्च १८८६ रोजी वैद्यकीय पदवी मिळविलेल्या आनंदीबाई जोशी ह्यांना संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर नेमले. त्या आजारी अवस्थेत परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या; ती खुर्ची रिकामीच राहिली. पुढे शाहू छत्रपतींनी रखमाबाई केळवकर ह्यांच्याकडे संस्थानातील मुलींच्या शिक्षणाचा कारभार सोपविला. त्यांच्या कन्या कृष्णाबाई संस्थानाच्या साहाय्याने वैद्यक शिकल्या आणि आनंदीबाईंना जेथे नेमले होते त्याच रुग्णालयात त्यांनी काम केले. ह्या नेमणुका अभिमानास्पद खऱ्या. पण त्या एका छत्रपतीच्या मर्जीवर अवलंबून होत्या, हेही विसरता येत नाही. चांगला राजा दार उघडतो. दाराची कडी मात्र आतच राहते. जी स्त्री नोकरी मागत नाही, स्वतंत्र धंदा करू पाहते, तिला हुकूमनामा पुरत नाही. तिला नियम बदलून हवा असतो.

नियम कसा अडवितो हे वकिलीच्या धंद्याइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते. कॉर्नेलिया सोराबजी ह्यांचा जन्म नाशिकचा, १८६६ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी उत्तम यश मिळविले, पण विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती स्त्री म्हणून नाकारण्यात आली. स्नेह्यांच्या मदतीने त्या ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ साली कायद्याची परीक्षा उतरल्या, आणि पदवी हाती पडली ती १९२२ साली! मध्यंतरी १८९७ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल्एल्. बी. ही केली. विद्वत्तेविषयी कोणास शंका नव्हती. अडचण होती ती वकिलांच्या यादीची. कायद्यात 'व्यक्ती' असा शब्द होता, आणि १९१६ साली रेजिना गुहा ह्यांच्या प्रकरणात कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने त्या शब्दात स्त्री येत नाही असा निर्णय दिला. स्त्री ही व्यक्ती आहे असे सांगणारा कायदा १९२३ मध्ये करावा लागला.

त्याच वर्षी मिठन टाटा लंडनच्या लिंकन्स इन मधून बॅरिस्टर झाल्या. १९१९ मध्ये आई हेराबाई ह्यांच्यासह हिंदी स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू मांडण्यासाठी त्या विलायतेस गेल्या होत्या, आणि तेथेच कायदा शिकल्या. १९२४ मध्ये त्या मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागल्या. तेथील त्या पहिल्या स्त्री-वकील. त्यांच्या पहिल्या खटल्याची गोष्ट सांगतात ती मोठी बोधप्रद आहे. खटला जिंकण्याजोगा होता. अशिलाने तो ह्या तरुण बाईंकडे दिला तो एवढ्यासाठी की, प्रतिपक्षास बाईच्या हातून हरल्याची जास्तीची नामुष्की सोसावी लागावी. दार उघडले होते. पण आत घेण्याचे कारण असे. बाईंनी ते काम घेतले आणि पुढची कामे स्वतःच्या गुणांवर मिळविली. १९४७ साली त्या मुंबईच्या शेरीफ झाल्या.

वकिलांची यादी कायद्याने उघडली, कारण ती यादी सरकारची होती. व्यापाऱ्यांचे मंडळ मात्र आपणास खासगी म्हणवून घेते, आणि खासगी घरात कोणास बोलवावे हे यजमानाने ठरवावे, असा युक्तिवाद करते. ह्याचे ठळक उदाहरण रोटरी क्लबाचे. १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस ह्या वकिलाने तो काढला. कल्पना अशी की, गावातील निरनिराळ्या धंद्यांतील माणसांनी दर आठवड्यास एकत्र बसावे. हिंदुस्थानात कलकत्त्यास १९२० मध्ये पहिला रोटरी क्लब झाला. सभासद पुरुषच असावा असा नियम होता. सभासदांच्या बायकांनी १९२४ मध्ये मँचेस्टरला 'इनर व्हील' नावाची आपली निराळी मंडळी काढली, म्हणजे पुन्हा स्वतंत्र घर. नियमातील 'पुरुष' हा शब्द काढून टाकावा, अशी सूचना १९५० च्या अधिवेशनापुढे आली होती, आणि ती भारतातील एका क्लबाकडून आलेली होती. आपल्या देशाच्या श्रेयाच्या यादीत ही गोष्ट सहसा कोणी घालीत नाही. सूचना त्या वेळी निष्फळ ठरली. पुढे कॅलिफोर्नियातील डुआर्टे येथील क्लबाने १९७७ मध्ये स्त्रिया सभासद करून घेतल्या, तेव्हा वरिष्ठ मंडळाने त्या क्लबाची मान्यताच काढून घेतली. वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, ४ मे १९८७ रोजी निकाल डुआर्टेच्या बाजूने लागला, आणि १९८९ मध्ये जगभरच्या क्लबांतून तो शब्द गेला.

दुसऱ्याच वर्षीचा, १९८८ चा, न्यूयॉर्क शहराचा निकाल ह्याहूनही विचारात घेण्यासारखा आहे. त्या शहराने १९८४ मध्ये एक कसोटी घालून दिली होती. ज्या क्लबाचे सभासद ४०० हून अधिक, जेथे भोजनाची नियमित सोय, आणि जेथे धंद्याच्या कामासाठी बाहेरच्या लोकांकडूनही पैसा येतो, त्याने आपणास खासगी म्हणवून भेदभाव करू नये. क्लबांनी ह्याविरुद्ध दाद मागितली. न्यायालयाने शहराची कसोटी उचलून धरली. ह्या कसोटीचे मर्म असे की, दारावरील पाटी पाहू नका, आत काय चालते ते पाहा. आत व्यापार चालत असेल तर ती पेठ आहे, आणि पेठेत सर्वांना वाव पाहिजे. खुद्द शेअरबाजारांची कथा ह्यास पूरकच आहे. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात मुरिएल सीबर्ट ह्यांना १९६७ मध्ये जागा मिळाली. लंडनच्या शेअरबाजाराने स्त्रिया सभासद करून घेतल्या त्या १९७३ मध्ये.

हीच कसोटी हाती घेऊन पुन्हा गगनबावड्याचा घाट चढावयास हरकत नाही. येथे भोजनगृहाचा क्लब नाही. पण सभासदत्वावर चालणारी पेठ आहे. तिचे नाव सहकारी संस्था. सहकाराचा पहिला कायदा हिंदुस्थानात १९०४ साली झाला. कोल्हापुरात शाहू छत्रपतींच्या उत्तेजनाने १९१३ मध्ये अर्बन सोसायटी निघाली. १९५० मध्ये प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि कोल्हापूर जिल्हा तर पुढे कारखान्यांचा व दूधसंघाचा जिल्हाच झाला. गगनबावडा हा तालुका लहान, भाताचा आणि नाचणीचा. पण कुंभीच्या खोऱ्यात ऊस आला आणि तेथेही सहकारी कारखाना आला. सहकाराने खेड्यातील शेतकऱ्यास सावकाराच्या दारातून सोडविले, ह्यात संशय नाही. त्याला पत दिली.

पत दिली ती सभासदास. आणि सभासद कोण? कारखान्याच्या बाबतीत ऊस पिकविणारा खातेदार, म्हणजे ज्याचे नाव सातबारावर आहे तो. स्त्रियांनी सभासद होऊ नये असे कोणत्याही पोटनियमात लिहिलेले नाही. भायखळ्याच्या क्लबाप्रमाणे दारात पहारेकरी नाही, रोटरीप्रमाणे 'पुरुष' हा शब्द नाही. तरीही आषाढाच्या पावसात डोक्यावर इरले घेऊन कमरेत वाकून भाताची लावण करणारी, उसाची भांगलण करणारी, पहाटे म्हशीचे शेण काढून धार काढणारी जी, तिचे नाव भागाच्या दाखल्यावर क्वचितच सापडते. दुधाचे बिल ज्याच्या नावे निघते त्याने म्हशीला हात लावला असेलच असे नाही. वार्षिक सभेत हात वर करावयाचा तो भागधारकाने. कर्जाचा अर्ज करावयाचा तो खातेदाराने. कोल्हापुराच्या ह्या कोपऱ्यात जे घडते तेच कमीअधिक प्रमाणात साऱ्या महाराष्ट्रात घडले आहे, आणि म्हणूनच ही गोष्ट पुण्यामुंबईच्या क्लबांपेक्षा अधिक महत्त्वाची आहे. तेथे प्रश्न काहीशे सुशिक्षित स्त्रियांचा होता.

जमिनीवर नाव लागण्याचा मार्गही लांबचा ठरला. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत वाटा दिला, पण तो हयातीपुरता. शिवाय ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानी मुलखास आपोआप लागू होत नसत. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई इलाख्यात विलीन झाले. १९५६ च्या वारसा कायद्याने स्त्रीला मिळालेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची केली, तरी वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्मतः हक्कदार नव्हतीच. महाराष्ट्राने तो हक्क अविवाहित मुलींना १९९४ मध्ये दिला. साऱ्या देशात तो २००५ मध्ये आला. कायदा आला म्हणून नाव लागतेच असे मात्र नाही. बाप वारल्यावर तलाठ्यापुढे बहिणी हक्कसोड लिहून देतात, कारण माहेरचे दार बंद होऊ नये अशी त्यांची इच्छा असते. आणि पूर्वी स्त्रीचे नाव जेव्हा लागे तेव्हाही ते पुष्कळदा कब्जेदाराच्या सदरात न लागता 'इतर हक्क' ह्या सदरात जाई. मालकीच्या कागदावर स्त्री बाजूच्या रकान्यात!

नव्या वाटा निघाल्या त्या जमिनीला वळसा घालून. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. त्यातून लिज्जत ही संस्था वाढली. तेथे सभासदत्वाची अट आहे श्रमाची, आणि सभासद फक्त स्त्रिया. (म्हणजे क्लबाचाच नियम उलटा फिरविलेला, पुरुषांनी त्याविरुद्ध तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.) गावोगावी स्त्रियांची भिशी तर पूर्वापार होतीच. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हा भिशीच्या ह्या सवयीस प्रथमच सरकारी पत मिळाली. दहावीस बायकांनी एकमेकींची हमी घ्यावयाची आणि त्या हमीवर कर्ज. जी बैठक पेठेने नाकारली ती त्यांनी ओसरीवर भरविली. २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या सहकारी कायद्यात दुरुस्ती होऊन संस्थांच्या संचालक मंडळांवर स्त्रियांसाठी २ जागा राखल्या गेल्या. तथापि भागधारकांच्या यादीतच स्त्रिया थोड्या असल्या, म्हणजे त्या जागांसाठी नावे कोणाच्या घरातून येतात हे सांगावयास नको.

मुळाशी हात घालण्याचा एक यत्न शेतकरी संघटनेने केला. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात चांदवड येथे तिचे प्रचंड महिला अधिवेशन भरले. त्यानंतर शरद जोशी ह्यांनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली. जिने आयुष्यभर शेतात राबून घर चालविले, त्या लक्ष्मीचे ऋण फेडण्यासाठी शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा एक तुकडा स्वखुशीने बायकोच्या नावे करावा. ज्या गावात १०० घरांनी असे केले ते लक्ष्मीमुक्त गाव. पुष्कळ गावांनी हा मान मिळविला. १९९२ च्या सप्टेंबरात शासनाने परिपत्रक काढले, आणि पतीच्या जमिनीच्या सातबारावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय झाली. त्यासाठी खरेदीखत लागत नाही. तलाठ्याकडे अर्ज दिला म्हणजे फेरफार होतो, आणि नाव कब्जेदाराच्या सदरात, पतीच्या नावाशेजारी लागते. तो अर्ज पतीने करावयाचा असतो.